पुण्यातील बिनतारी व्यवसाय : परवाना, दर आणि विलीनीकरण

भारतातील मोबाइल फोनच्या व्यवसायाचा इतिहास सांगताना आरंभ म्हणून बहुधा ३१ जुलै १९९५ हा दिवस धरला जातो. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. पुण्यापुरता विचार करायचा झाल्यास मात्र हा आरंभ बराच मागे न्यावा लागतो, कारण बिनतारी संदेशवहन हे केवळ लष्करी किंवा सरकारी साधन म्हणून नव्हे, तर परवाना घेऊन, भांडवल उभारून आणि शब्दागणिक दर आकारून चालवायचा धंदा म्हणून या शहराच्या वेशीवर १९२७ मध्येच येऊन ठेपले होते. त्या पहिल्या धंद्याचा आणि सत्तर वर्षांनंतरच्या मोबाइल व्यवसायाचा क्रम शेजारी ठेवून पाहिला, तर दोहोंतील साम्य चटकन लक्षात येते : नवे तंत्र आले की दर कोसळतात, जुन्या कंपन्यांचे कंबरडे मोडते आणि अखेरीस सरकारच्या संमतीने कालचे प्रतिस्पर्धी एकाच नावाखाली आणले जातात. या व्यवसायाला वळण लावण्यात तंत्रज्ञानाचा वाटा मोठा आहे हे खरेच. पण परवान्याच्या अटींचा आणि सरकारने नकाशावर आखलेल्या हद्दींचा वाटा त्याहून मोठा आहे, आणि पुण्याच्या उदाहरणात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

या व्यवसायाचा कायदेशीर पाया १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाचा होता. तारयंत्र उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा राहील, आणि सरकारला योग्य वाटल्यास ते इतरांना परवाना देईल, अशी त्याच्या चौथ्या कलमाची योजना होती. पुढे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगण्यासाठीही परवाना आवश्यक केला. घरातल्या रेडिओसाठी वर्षानुवर्षे शुल्क भरावे लागे, ते याच विचारसरणीतून. लहरी कोणाच्याही अंगणातून जात असल्या तरी त्यांची मालकी सरकारची, हे तत्त्व पक्के झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मोबाइल कंपन्यांना जे परवाने मिळाले तेही या १८८५ च्या कायद्याखालीच मिळाले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात भारतातून इंग्लंडला संदेश पाठवायचा तर तो समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जाई आणि या वाहतुकीवर ईस्टर्न टेलिग्राफ या ब्रिटिश कंपनीचे वर्चस्व होते. मार्कोनी यांच्या कंपनीने विकसित केलेल्या ‘बीम’ पद्धतीने या वर्चस्वाला आव्हान दिले. तोवरची दूर पल्ल्याची बिनतारी केंद्रे काही किलोमीटर लांबीच्या लहरी वापरत व त्यांना प्रचंड वीज लागे. बीम पद्धतीत शंभर मीटरहूनही आखूड असलेल्या लघुलहरी वापरल्या जात आणि उंच मनोऱ्यांच्या ओळींवर पडद्यासारख्या ताणलेल्या तारांच्या योगे त्या सर्व दिशांना न विखुरता एकाच दिशेला झोताप्रमाणे सोडल्या जात, त्यामुळे तुलनेने थोड्या विजेत संदेश हजारो मैल जाई. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने या पद्धतीचे प्रक्षेपण केंद्र खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे उभारले. शक्तिशाली प्रक्षेपक शेजारी गर्जत असताना सातासमुद्रापलीकडून येणारा क्षीण संकेत टिपता येत नाही, म्हणून ही दोन केंद्रे जाणूनबुजून दूर ठेवलेली होती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी राजे पाचवे जॉर्ज यांच्याशी शुभसंदेशांची देवाणघेवाण करून या सेवेचे उद्घाटन केले.

या घटनेचे महत्त्व तांत्रिक नवलाईपेक्षा बाजारात अधिक जाणवले. समुद्रतळाशी हजारो मैल केबल टाकण्याचा आणि ती दुरुस्त करत राहण्याचा खर्च बीम सेवेला नव्हता, त्यामुळे तिला केबलपेक्षा स्वस्त दर परवडत; साम्राज्याच्या वेगवेगळ्या भागांशी अशा सेवा सुरू होताच केबल कंपन्यांची गिऱ्हाइके झपाट्याने पळू लागली. केबल बुडाली तर युद्धकाळात गुप्त संदेशवहनाचे भरवशाचे साधन हातचे जाईल, अशी भीती ब्रिटिश सरकारला वाटली. १९२८ मध्ये लंडनला यासाठी खास परिषद भरली आणि तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये केबल व बिनतारी व्यवसाय एका कंपनीत एकत्र करण्यात आले. हीच कंपनी पुढे केबल अँड वायरलेस या नावाने ओळखली गेली. भारतातही १९३२ मध्ये दोन्ही धंदे जोडून इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी अस्तित्वात आली आणि खडकीच्या केंद्राने सुरू केलेली दरांची स्पर्धा पाच वर्षांच्या आतच निकालात निघाली. ग्राहकाला स्वस्ताई मिळाली ती तेवढ्यापुरतीच. स्पर्धकांना एकत्र आणण्याचा हा निर्णय बाजाराने घेतलेला नव्हता, तो राज्यकर्त्यांनी घेतला होता, हे विसरता येत नाही.

१९३३ मध्ये भारत व इंग्लंड यांच्यात रेडिओ-दूरध्वनी सुरू झाला. १ जानेवारी १९४७ रोजी इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन परदेश संचार सेवा हे सरकारी खाते निर्माण झाले. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळच्या आर्वी येथे उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र उभे राहिले आणि त्याला पुढे विक्रम साराभाई यांचे नाव मिळाले. लघुलहरींचे दिवस मागे पडले, तरी परदेशी दळणवळणाचे पुण्याशी जडलेले नाते या केंद्रामुळे टिकून राहिले. १ एप्रिल १९८६ पासून या खात्याचे विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीत रूपांतर झाले.

या वारशाचा एक भाग जमिनीचा होता. लघुलहरींच्या प्रक्षेपणासाठी मनोऱ्यांच्या रांगा मोकळ्या माळावर उभ्या कराव्या लागत असल्याने बिनतारी केंद्रांना शेकडो एकर जागा लागे. खडकीलगतच्या दिघीत निगमाकडे अशी सुमारे ५२४ एकर जमीन होती. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र सरकारने निगमाचे २५ टक्के भाग टाटा समूहाला सुमारे १,४३९ कोटी रुपयांना विकले, तेव्हा पुणे, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथील अतिरिक्त जमिनी व्यवहारातून बाजूला काढून वेगळ्या कंपनीकडे द्याव्यात असे ठरले. बाजूला ठेवलेल्या त्या सर्व जमिनींत दिघीचा वाटा दोनतृतीयांशांहून अधिक होता. ठरलेली विभागणी प्रत्यक्षात यायला दीड दशकाहून अधिक काळ लागला आणि या जमिनी ज्या हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया या कंपनीकडे गेल्या, तिची शेअर बाजारात नोंद झाली ती २०२० मध्ये. ज्या तंत्रासाठी ही जागा घेतली होती ते कालबाह्य होऊन गेले. शहर मात्र दिघी, भोसरी आणि विश्रांतवाडीच्या अंगाने वाढत तिच्याभोवती येऊन पोहोचले होते, आणि बिनतारी व्यवसायाची शिल्लक मोजायची ती रेडिओलहरींत नव्हे तर गुंठ्यांत, असा प्रसंग आला.

मोबाइलचा काळ सुरू झाला तो १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने. या धोरणाने देशाचे जे भाग पाडले त्यांना ‘सर्कल’ म्हणतात. सर्कल म्हणजे टपाल व तार खात्याच्या जुन्या प्रशासकीय विभागणीवर बेतलेले, सर्वसाधारणपणे एका राज्याएवढे परवाना क्षेत्र. चार महानगरांना वेगळे काढून त्यांचे परवाने आधी दिले गेले आणि त्यात मुंबई होती. पुणे मात्र उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासह महाराष्ट्र सर्कलमध्ये राहिले. मुंबईचे दूरध्वनी १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमाकडे आणि पुण्याचे दूरसंचार खात्याकडे, ही विभागणी आधीपासून होतीच. मोबाइलच्या परवान्यांनी तिचीच री ओढली.

कागदावरच्या या रेषेची किंमत पुणेकराने बरीच वर्षे रोख मोजली. आपल्या सर्कलबाहेर दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरण्याच्या सोयीला रोमिंग म्हणतात आणि तिच्यासाठी तेव्हा वेगळा आकार पडे. डेक्कन क्वीनने रोज मुंबई गाठणारा नोकरदार घाट उतरून मुंबईच्या हद्दीत शिरला की त्याचा फोन परक्या मुलखात गेल्यासारखा महाग होई, आणि उलट त्याच पुणेकराने चंद्रपूरला किंवा पणजीला जाऊन बोलावे तर तो आपल्याच सर्कलमध्ये असे. व्यापार, नोकरी आणि नातेसंबंध यांनी घट्ट बांधलेली दोन शहरे वेगळी आणि नऊशे किलोमीटर पसरलेला मुलूख एक, असा हा नकाशा होता. तो व्यापाराच्या ओघाकडे पाहून आखलेला नसून कार्यालयीन सोयीने आखलेला होता, हे मान्य करावे लागते.

प्रत्येक सर्कलमध्ये दोनच कंपन्यांना परवाना द्यायचा आणि परदेशी भांडवल ४९ टक्क्यांपर्यंत येऊ द्यायचे, अशा त्या वेळच्या अटी होत्या. महाराष्ट्र सर्कलचे दोन परवाने ज्यांना मिळाले त्यांच्यापैकी एक बीपीएल समूह, ज्याच्यासोबत अमेरिकेची यूएस वेस्ट ही कंपनी होती, आणि दुसरा बिर्ला समूह, ज्याची भागीदारी अमेरिकेच्याच एटी अँड टी या कंपनीशी झाली. बिर्ला एटी अँड टी या कंपनीने १९९७ मध्ये महाराष्ट्र व गुजरात येथे सेवा सुरू केली. कर्वे रस्त्यालगतचे एरंडवण्यातील शारदा सेंटर हा तिचा पुण्यातील पत्ता पुढे आयडियाच्या काळातही कायम राहिला. या नव्या धंद्याला व्यवस्थापक लागणार हे ओळखून सिम्बायोसिस संस्थेने १९९६ मध्येच दूरसंचार व्यवस्थापनाची स्वतंत्र शिक्षणसंस्था पुण्यात काढली होती.

आरंभीचे दर आज अविश्वसनीय वाटतात. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे ही कमाल मर्यादा होती आणि केलेल्या कॉलइतकेच आलेल्या कॉललाही पैसे पडत, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या चौकशीचा भुर्दंड उचलणाऱ्याला बसे. त्यामुळे मोबाइल घेतलेला माणूस घंटी वाजली की आधी नंबर पाही, फोन कट करी आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर जाऊन परत फोन लावी; खिशातल्या यंत्राचे काम एवढेच की बूथवर कधी जायचे ते कळावे. गिऱ्हाइके थोडी, म्हणून दर चढे, आणि दर चढे, म्हणून गिऱ्हाइके थोडी, या चक्रात दोन्ही कंपन्या सापडल्या. लिलावात कबूल केलेले ठरावीक वार्षिक परवाना शुल्क त्यांना झेपेना, तेव्हा १९९९ च्या नव्या धोरणाने ते रद्द करून त्याऐवजी उत्पन्नातील ठरावीक हिस्सा सरकारला देण्याची पद्धत आणली. कंपन्या त्या वेळी वाचल्या त्या या सवलतीने. मात्र ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचे हा वाद या सवलतीच्या पोटातच होता आणि तो वीस वर्षांनी उफाळून आला.

१ मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे ही पद्धत लागू झाली आणि आलेला कॉल फुकट झाला. या एका बदलाने धंद्याचे स्वरूप जेवढे पालटले तेवढे कोणत्याही नव्या यंत्राने पालटले नाही, असे म्हणण्यास जागा आहे. भाजीवाला, रिक्षावाला, प्लंबर, सुतार यांना आता फोन बाळगणे परवडू लागले, कारण त्यांना कॉल करायचा नसून घ्यायचा होता. काम सांगणारा पैसे भरणार होता. ‘मिस्ड कॉल दे’ हे वाक्य याच काळात रूढ झाले. बिल नंतर भरण्याऐवजी आधी पैसे भरून बोलण्याच्या प्रीपेड पद्धतीने कंपनीची वसुलीची कटकट संपवली आणि किराणा दुकान, पानटपरी, झेरॉक्सचे दुकान यांना किरकोळ दलालीवर विक्रेते बनवले. नाण्याने खरवडून आतला आकडा वाचायचे स्क्रॅच कार्ड आणि दहा रुपयांचा छोटा रिचार्ज ही त्या बाजाराची चलने होती.

मोबाइलच्या सुट्या वस्तूंच्या व्यापाराचे केंद्र बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे राहिले. पासोड्या विठोबाजवळची ही अरुंद गल्ली विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ म्हणून आधीच नावाजलेली होती, त्यामुळे सोल्डरिंगची सवय असलेला कारागीर, सुटा भाग नेमका कुठल्या गाळ्यात मिळेल हे जाणणारा दुकानदार आणि भाव करायला आलेला गिऱ्हाईक हे तिघे तिथे जमलेलेच होते. मोबाइलला तिथे नवी बाजारपेठ वसवावी लागली नाही. रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या सुट्या भागांच्या शेजारी आधी बॅटऱ्या आणि चार्जर आले, मग मेमरी कार्ड, डिस्प्ले, कव्हर आणि स्क्रीनगार्ड आले. हातभर रुंदीच्या फळीवर भिंग लावून बसलेला कारागीर कंपनीने ‘बदलून घ्या’ म्हटलेला फोन उघडून चालू करून देऊ लागला. कंपन्यांच्या ताळेबंदात या अर्थव्यवस्थेची नोंद नसते, पण फोन जुन्या गिऱ्हाइकाकडून नव्या गिऱ्हाइकाकडे जाऊन जोडण्यांची संख्या वाढली ती बऱ्याच अंशी तिच्या जोरावर.

याच सुमारास मोबाइलने तारेच्या दूरध्वनीची पीछेहाट केली आणि तिचा धक्का पिंपरीतल्या फिनोलेक्स केबल्ससारख्या उद्योगालाही जाणवला. घराघरांत जाणाऱ्या तांब्याच्या टेलिफोन केबलची मागणी आटली आणि प्रकाशीय तंतूंच्या केबलकडे वळणे भाग पडले. बिनतारी सेवा खऱ्या अर्थाने बिनतारी असते ती फोन आणि टॉवर यांच्यामधल्या थोड्या अंतरापुरतीच, त्यापुढचा प्रवास जमिनीखालच्या तंतूंतून होतो. पुण्यात रस्ता नुकताच डांबरीकरण होऊन चकचकीत झाला की खोदाईवाले हजर होतात, त्याचे एक कारण हेच.

दरम्यान स्पर्धकही वाढत गेले. महाराष्ट्रातील स्थिर दूरध्वनीचा खाजगी परवाना घेतलेली ह्यूजेस कंपनी २००२ मध्ये टाटा समूहाकडे जाऊन टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) बनली. त्याच वर्षी भारत संचार निगमाची मोबाइल सेवा आली, आणि वर्ष सरता सरता रिलायन्सने सीडीएमए या वेगळ्या तंत्रावर उडी घेतली. २००९ मध्ये टाटा डोकोमोने मिनिटाऐवजी सेकंदाला दर आकारायला सुरुवात करताच सर्वांना तेच करावे लागले. २०१२ च्या आसपास एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या झगडत होत्या.

स्पेक्ट्रम म्हणजे या सेवेसाठी वाटून दिलेले रेडिओलहरींचे पट्टे. ते सर्कलवार विकले जात असल्याने एकाच कंपनीचे नशीब शहरागणिक वेगळे असे. २०१० च्या ३जी लिलावात महाराष्ट्र सर्कलचा पट्टा व्होडाफोन, आयडिया आणि टाटा यांनी घेतला, एअरटेलला तो मिळाला नाही. मात्र त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड लिलावात एअरटेलने महाराष्ट्राचा पट्टा मिळवला. याचा परिणाम असा झाला की ऑक्टोबर २०१२ मध्ये एअरटेलने कोलकाता व बंगळूरनंतर देशात तिसऱ्या क्रमांकाने पुण्यात ४जी सेवा सुरू केली, आणि देशाची आर्थिक राजधानी म्हणवणारी मुंबई त्या बाबतीत मागे राहिली. ही सेवा सुरुवातीला केवळ डाँगलवरून इंटरनेट देणारी होती, फोनवर बोलण्याची सोय तीत नव्हती. पुणे पुढे गेले ते पुण्याच्या कर्तबगारीमुळे असे मानण्याचा मोह शहराला होणे साहजिक आहे, पण कारण लिलावाच्या तक्त्यात होते.

विलीनीकरणाची हवा खरे तर फार आधी सुटली होती. २००० मध्ये टाटा सेल्युलर बिर्लांच्या कंपनीत मिसळल्यावर बिर्ला, टाटा आणि एटी अँड टी या तिन्ही नावांच्या आद्याक्षरांवरून वृत्तपत्रांनी तिला ‘बटाटा’ म्हणायला सुरुवात केली होती, आणि २००१ मध्ये हा बटाटा व बीपीएल एकत्र करण्याची योजना जाहीर झाली. ती तडीस गेली नाही. २००२ मध्ये बिर्लांच्या कंपनीने आयडिया हे नाव घेतले. बीपीएलचा महाराष्ट्राचा व्यवसाय २००५-०६ मध्ये हचिसन एस्सारकडे गेला आणि २००७ च्या सप्टेंबरात हचचा व्होडाफोन झाला. पुण्यातल्या त्याच ग्राहकाने, सिमकार्डचा क्रमांकही न बदलता, दहा वर्षांत बीपीएल, हच आणि व्होडाफोन अशा तीन पाट्या पाहिल्या.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने बोलणे फुकट आणि पैसे फक्त डेटाचे असा व्यवहार मांडला. बीम सेवेने केबलचे जे केले तेच या दराने जुन्या मोबाइल कंपन्यांचे केले : वीस वर्षे ज्याची विक्री होत होती त्या मिनिटाची किंमत शून्यावर आली. टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी आयडिया व व्होडाफोन एक झाल्या. १९९४ च्या धोरणानुसार स्पर्धा राहावी म्हणून १९९५ मध्ये महाराष्ट्र सर्कलमध्ये जे दोन परवाने मुद्दाम वेगवेगळ्या हाती दिले होते, ते अशा रीतीने तेवीस वर्षांनी एका मालकीखाली आले. सतरा वर्षांपूर्वी फसलेला सौदा, मालक बदलून, पुरा झाला.

त्यानंतर सुमारे वर्षभराने परवाना शुल्काचा जुना वाद निकालाला आला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाची, म्हणजे ज्या रकमेवर सरकारचा हिस्सा काढायचा तिची, सरकारने केलेली व्यापक व्याख्या मान्य केली आणि मागील सर्व वर्षांची थकबाकी व्याज-दंडासह देय झाली. व्होडाफोन आयडियाला ती फेडता येणे शक्य नव्हते. सरकारने देण्यांचे रूपांतर भागभांडवलात केले : फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटी रुपयांच्या बदल्यात सुमारे ३३ टक्के, आणि एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींच्या बदल्यात वाढून सुमारे ४९ टक्के भाग सरकारकडे आले. दूरसंचार व्यवसाय सरकारच्या हातून काढून खाजगी स्पर्धेकडे सोपवण्यासाठी पुण्यासह महाराष्ट्र सर्कलमध्ये जे पहिले दोन परवाने दिले गेले, त्या दोहोंची वारस असलेल्या कंपनीत सर्वांत मोठा भागधारक आता केंद्र सरकार आहे.